'लाडकी बहीण'चं ई-केवायसी का अडलं? सॉफ्टवेअर बनण्याआधीच होणारी चूक समजून घ्या

सप्टेंबर २०२५मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेतल्या महिलांच्या मागे एक नवं काम लागलं. ई-केवायसी.

१८ सप्टेंबरला शासन निर्णय निघाला आणि दोन महिन्यांची मुदत मिळाली. वेबसाईटवर जाऊन आधी स्वतःचा आधार क्रमांक टाकायचा, मोबाईलवर आलेला ओटीपी भरायचा. मग पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा आणि त्यांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी भरायचा.

वाचायला सोपं वाटतं. पण नवरा वारला असेल आणि वडीलही हयात नसतील, तर दुसरा ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येणार?

विधवा, घटस्फोटित आणि एकट्या राहणाऱ्या अनेक महिलांचं काम याच पायरीवर अडलं. शेवटी सरकारने मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली आणि अशा महिलांसाठी वेगळी सोय जाहीर केली. पती किंवा वडिलांचा मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा कोर्टाच्या आदेशाची प्रत जमा करायची, असं ठरलं.

साईट चालत नाही, ओटीपी येत नाही, या तक्रारी होत्याच. पण हा अडथळा वेगळा होता. सर्व्हर कितीही वेगवान असता, तरी नसलेल्या माणसाचा ओटीपी आला नसता. स्क्रीनला जे विचारायला सांगितलं होतं, तेच ती विचारत होती.

म्हणजे चूक कोड लिहिण्याच्या आधीच्या पायरीवर झाली. ही पायरी काय असते, तिथे चूक का होते आणि ती इतकी महाग का पडते, हे समजून घेऊया.

रिक्वायरमेंट म्हणजे नेमकं काय?

टेलर कापडाला कात्री लावण्याआधी माप घेतो. गळा किती खोल, बाही किती लांब, अस्तर हवं का, कधीपर्यंत हवं, हे विचारतो. माप चुकलं तर शिलाई कितीही सफाईदार असली तरी ब्लाउज अंगाला बसत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये या मापाला 'रिक्वायरमेंट्स' म्हणतात. सॉफ्टवेअरने काय करायचं, कुणासाठी करायचं आणि कोणत्या नियमांत राहून करायचं, याची ही यादी. पुण्यात हिंजवडीच्या कंपन्यांमध्ये हे काम बहुतेक वेळा 'बिझनेस अ‍ॅनालिस्ट' करतात. ते क्लायंटशी बोलतात, काम प्रत्यक्ष कसं चालतं ते पाहतात आणि प्रोग्रामरला कळेल अशा भाषेत लिहून काढतात.

या यादीत ढोबळमानाने तीन प्रकारच्या गोष्टी असतात.

पहिली, सॉफ्टवेअरने काय करायचं. उदाहरणार्थ, अर्ज स्वीकारायचा, आधार तपासायचा, पोचपावती द्यायची.

दुसरी, ते किती चांगलं करायचं. एका वेळी किती लोक आले तरी साईट चालली पाहिजे? रेंज कमी असलेल्या गावात, साध्या फोनवर पान उघडलं पाहिजे का? भाषा किती सोपी हवी?

तिसरी, कायदा आणि नियम. कोण पात्र, कोण अपात्र, कुणाची माहिती कुणाच्या संमतीने घ्यायची.

एखादी गोष्ट या यादीतच नसेल, तर ती सॉफ्टवेअरमध्ये कुठून येणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, तसं हे आहे.

जीआरमधली विधवा स्क्रीनवर का नव्हती?

'लाडकी बहीण'च्या बाबतीत गंमत अशी की, यादी तयार होती.

जून २०२४च्या मूळ शासन निर्णयातच लिहिलं होतं की योजना विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार महिलांसाठी आहे. पुढे कुटुंबातली एक अविवाहित महिलाही पात्र ठरली.

म्हणजे नवरा नसलेली बाई ही या योजनेतली अपवादाची केस नाही. ती पहिल्या दिवसापासून लाभार्थी आहे. तरीही ई-केवायसीचा फॉर्म आला तेव्हा त्यात प्रत्येक बाईच्या मागे आधार असलेला, मोबाईल चालू असलेला आणि ओटीपी सांगायला तयार असलेला एक पुरुष गृहीत धरलेला होता.

सॉफ्टवेअरवाले यासाठी एक साधी पद्धत वापरतात. नियमातली प्रत्येक ओळ एका रकान्यात लिहायची. शेजारच्या रकान्यात ती ओळ कोणत्या स्क्रीनवर उतरली ते लिहायचं. तिसऱ्या रकान्यात ती कशी तपासली ते लिहायचं. याला 'ट्रेसेबिलिटी' म्हणतात. शब्द जड आहे, पण काम किराण्याच्या यादीवर टिकमार्क करण्याइतकंच सोपं.

अशा तक्त्यात 'विधवा' या ओळीसमोर रिकामा रकाना दिसला असता, तर प्रश्न फॉर्म सुरू होण्याआधीच उभा राहिला असता. आणि 'परित्यक्ता' या ओळीसमोर त्याहून अवघड प्रश्न आला असता. नवऱ्याने सोडून दिलेल्या बाईकडे अनेकदा मृत्यूचा दाखला नसतो आणि कोर्टाचा निकालही नसतो. तिने काय अपलोड करायचं?

मग पती-वडिलांचा आधार मागितलाच का?

त्यामागे कारण होतं आणि ते खोटं नव्हतं.

योजनेत वर्षाला अडीच लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या २१ ते ६५ वयाच्या महिलांना दरमहा १,५०० रुपये मिळतात. उत्पन्न बाईचं एकटीचं नाही, तर कुटुंबाचं पाहायचं आहे. आणि या योजनेच्या व्याख्येनुसार कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं.

जुलै २०२५मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं होतं की, सुमारे २६.३४ लाख लाभार्थी अपात्र असूनही लाभ घेत असल्याचं आढळलं आहे. काही जण एकापेक्षा जास्त योजनांचा लाभ घेत होते, काही कुटुंबांत दोनपेक्षा जास्त लाभार्थी होते आणि काही ठिकाणी तर पुरुषांनीच अर्ज केले होते. त्यामुळे पडताळणीची गरज होती, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

पण इथे 'गरज' आणि 'उपाय' यांत गल्लत झाली. कुटुंबाचं उत्पन्न तपासणं ही गरज. पुरुषाच्या मोबाईलवर ओटीपी पाठवणं हा ती भागवण्याचा एक उपाय. उपायालाच गरज समजून फॉर्ममध्ये सक्तीचं केलं की दुसरा रस्ता उरत नाही.

चांगला अ‍ॅनालिस्ट अशा वेळी 'कशासाठी?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. पतीचा आधार कशासाठी? उत्पन्न बघायला. पती नसेल तर? मग बाईचंच उत्पन्न पुरेसं. पती आहे पण वेगळा राहतो आणि ओटीपी देत नाही तर? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर प्रोग्रामर देऊ शकत नाही. ते धोरण ठरवणाऱ्याने द्यायचं असतं. पण प्रश्न त्याच्या टेबलापर्यंत पोचवणं हे रिक्वायरमेंट गोळा करणाऱ्याचं काम.

हा मुद्दा फक्त सोयीचा नाही. बाईच्या हातात स्वतःचे पैसे यावेत म्हणून आणलेल्या योजनेत तिचा हप्ता दुसऱ्या कुणाच्या फोनवर अवलंबून राहिला. ज्या घरात संवाद आहे तिथे हे दोन मिनिटांचं काम. ज्या घरात भांडण आहे, तिथे तोच ओटीपी अडवणुकीचं साधन होऊ शकतो.

'होय' दाबायचं की 'नाही'?

ओटीपीचा टप्पा पार केलेल्या अनेक महिला पुढच्या पायरीवर चुकल्या. ही चूक आणखी साधी होती.

फॉर्मच्या शेवटी घोषणापत्र होतं. कुटुंबातले सदस्य सरकारी नोकरीत कायम कर्मचारी म्हणून कार्यरत नाहीत, अशा आशयाचं विधान होतं आणि पुढे 'होय' आणि 'नाही' असे दोन पर्याय.

आता घरात कुणीच सरकारी नोकरीत नसेल, तर काय दाबायचं? विधान बरोबर आहे म्हणून 'होय'. पण बोलण्याच्या सवयीने माणूस 'नाही, कुणी नाही' असंच म्हणतो आणि 'नाही' दाबतो. सिस्टीम त्याचा अर्थ लावते: हिच्या घरात सरकारी कर्मचारी आहे.

असा चुकीचा पर्याय निवडला गेल्याने पात्र महिलाही अडकल्या. जानेवारी २०२६मध्ये सरकारने अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करून घेण्याची भूमिका घेतली. म्हणजे घरबसल्या व्हावं म्हणून ऑनलाईन केलेलं काम, पुन्हा दारोदार जाऊन करण्याची वेळ आली.

'तुमच्या घरात कुणी सरकारी नोकरीत आहे का?' असा सरळ प्रश्न असता तर हा गोंधळ टळला असता. नकारार्थी वाक्य आणि होय-नाही यांची जोडी लावू नये, हे फॉर्म बनवणाऱ्यांना जुनं माहीत असलेलं सूत्र आहे. त्यासाठी महागडी चाचणीही लागत नाही. दहा-वीस महिलांना फॉर्म देऊन शेजारी शांत बसलं, तरी कळतं.

बदल करणं चूक आहे का?

नाही. उलट याच योजनेत सुरुवातीला लोकांचं ऐकून बदल झाले होते.

२८ जून २०२४ला पहिला शासन निर्णय निघाला आणि जुलैच्या पहिल्याच आठवड्यात निकष बदलले. वयाची मर्यादा ६० वरून ६५ झाली. पाच एकर जमिनीची अट गेली. अधिवास दाखला नसेल तर १५ वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्म दाखला चालेल, असं ठरलं. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली. १५ जुलैची मुदत ३१ ऑगस्टपर्यंत गेली.

हे सगळे बदल बाईच्या बाजूचे होते. पण प्रत्येक बदल कागदावर एका ओळीचा असला, तरी त्याचे धागे लांबवर जातात. अ‍ॅपमधला रकाना बदलतो. छापलेले फॉर्म बदलतात. अंगणवाडी सेविकेला पुन्हा समजावून सांगावं लागतं. आधीच आलेल्या अर्जांचं काय करायचं, हे ठरवावं लागतं.

म्हणून रिक्वायरमेंट्स गोळा करण्याइतकंच त्या सांभाळणं महत्त्वाचं. बदल कुणी सुचवला, का सुचवला, कुणी मंजूर केला आणि त्याने आणखी काय काय हलणार, याची नोंद ठेवायची. नोंद नसेल तर सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही की एखादी अट का घातली होती आणि का काढली होती.

एफबीआयचे १७ कोटी डॉलर कसे बुडाले?

ही चूक फक्त आपल्याकडे होते असं नाही. जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेच्या एफबीआयचं आहे.

कागदी फायली आणि जुनाट कॉम्प्युटर यंत्रणा यांतून बाहेर पडण्यासाठी एफबीआयने 'व्हर्च्युअल केस फाईल' नावाचं सॉफ्टवेअर बनवायला घेतलं. जून २००१मध्ये एसएआयसी या कंपनीला कंत्राट मिळालं. तीनच महिन्यांत ९/११चा हल्ला झाला. तपास यंत्रणांनी एकमेकांना माहिती का दिली नाही, हा प्रश्न ऐरणीवर आला आणि प्रकल्पाचं स्वरूपच बदललं.

गरजांचा दस्तऐवज ८०० पानांच्या वर गेला. तरीही कामाची व्याप्ती ठरेना. पुढे सुमारे ४०० बदल सुचवले गेले. २००५मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला, तेव्हा सुमारे १७ कोटी डॉलर खर्च झाले होते. त्यातला साडेदहा कोटी डॉलरचा कोड निरुपयोगी ठरला. अमेरिकेच्या न्याय विभागाच्या महानिरीक्षकांनी आपल्या अहवालात जी कारणं दिली, त्यात नीट न ठरलेल्या आणि रेंगाळत बदलत राहिलेल्या गरजा हे ठळक कारण होतं.

यातून एक गैरसमज दूर होतो. यादी लांबलचक असली म्हणजे गरज कळली असं नाही. ८०० पानं लिहूनही नेमकं काय हवं ते ठरलेलं नव्हतं.

त्याच एफबीआयने नंतर 'सेंटिनेल' नावाचा नवा प्रकल्प घेतला. तोही आधी रखडला. मग २०१०मध्ये एफबीआयने काम स्वतःच्या हातात घेतलं. छोटे तुकडे करायचे, थोडं बनवायचं, वापरणाऱ्यांना दाखवायचं आणि मग पुढचं ठरवायचं, अशी पद्धत अवलंबली. जुलै २०१२मध्ये सेंटिनेल सुरू झालं.

जुन्या मापाचं नवं रॉकेट

दुसरी चूक याच्या उलटी असते. नवं काही विचारायचंच नाही, जुनं उचलून लावायचं. जुन्या ब्लाउजच्या मापावर नवा शिवण्यासारखं.

४ जून १९९६. फ्रेंच गयानातल्या कुरू इथून युरोपचं एरियान ५ रॉकेट पहिल्यांदाच झेपावलं. साधारण ४० सेकंदांत ते भरकटलं आणि त्याचे तुकडे झाले. त्यावरचे चार उपग्रहही गेले.

दिशा सांगणारी यंत्रणा आणि तिचं सॉफ्टवेअर आधीच्या एरियान ४ रॉकेटवरून घेतलेलं होतं. एरियान ४ मध्ये ते बिनचूक चालत होतं. पण एरियान ५ सुरुवातीलाच आडव्या दिशेने जास्त वेग घेत होतं. तो मोठा आकडा जुन्या सॉफ्टवेअरने ठेवलेल्या जागेत मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. ज्या भागात हे झालं, त्या भागाची एरियान ५ ला उड्डाणानंतर गरजही नव्हती.

चौकशी समितीने दाखवून दिलं की, या यंत्रणेच्या गरजांमध्ये एरियान ५ च्या मार्गाची माहिती घातलेलीच नव्हती. माप नव्या रॉकेटचं घेतलंच नव्हतं.

मग हे काम नीट कसं करायचं?

वरच्या सगळ्या उदाहरणांतून काही साध्या गोष्टी निघतात.

एक, क्लायंट आणि वापरणारा यांत फरक करायचा. सॉफ्टवेअरचे पैसे मंत्रालय देतं, पण फॉर्म भरते ती गावातली बाई आणि तिला मदत करते ती अंगणवाडी सेविका किंवा सेतू केंद्रातला मुलगा. फक्त मंत्रालयातल्या बैठकीत घेतलेलं माप तिला बसेलच असं नाही.

दोन, अडचणीची केस आधी विचारायची. सगळं सुरळीत असलेल्या घराचा फॉर्म कुणीही बनवू शकतो. नवरा नाही, नंबर बंद आहे, नाव दोन कागदांवर वेगळं आहे, पुरात कागद वाहून गेले, अशा वेळी फॉर्म काय करतो, यात त्याची खरी परीक्षा असते.

तीन, हवंच, असलं तर बरं आणि नंतर चालेल, अशा तीन ढिगांत गरजा वाटायच्या. सगळंच 'हवंच' असेल तर काहीच वेळेत होत नाही.

चार, तपासता येईल असं लिहायचं. 'साईट सोपी असावी' ही इच्छा झाली. 'मराठी वाचता येणाऱ्या बाईला कुणाची मदत न घेता फॉर्म भरता यावा' ही गरज, कारण ती पूर्ण झाली की नाही हे बघता येतं.

पाच, आधी छोट्या ठिकाणी चालवून बघायचं. एका तालुक्यात पंधरा दिवस फॉर्म चालवला, तर नकारार्थी वाक्यासारखी चूक तिथेच सापडते. कागदावर ती खोडरबरने मिटते. लाखो अर्ज आल्यावर तीच मिटवायला दारोदार माणसं पाठवावी लागतात.

तुमच्याशी याचा काय संबंध?

रेशन, पीक विमा, शिष्यवृत्ती, कॉलेजचा प्रवेश. आता बहुतेक हक्कांचा रस्ता एका स्क्रीनवरून जातो. नियम जीआरमध्ये असतात, पण माणसाला त्यातलं तेवढंच मिळतं जेवढं फॉर्ममध्ये उतरलेलं असतं. कार्यालयातला कारकून एखाद्या बाईची अडचण ऐकून साहेबांकडे पाठवू शकतो. स्क्रीन तसं करत नाही. ती फक्त 'अवैध आधार क्रमांक' म्हणते.

त्यामुळे एखादा सरकारी फॉर्म अडला की 'सर्व्हर डाऊन' म्हणून सोडून देऊ नका. तो नेमका कुठे अडला ते पाहा. ओटीपी उशिरा आला तर तो तांत्रिक बिघाड आहे, आज ना उद्या दुरुस्त होईल. पण फॉर्ममध्ये तुमच्या परिस्थितीसाठी पर्यायच नसेल, तर सर्व्हर सुधारून काही होणार नाही. ती तक्रार वेगळ्या शब्दांत करावी लागते: 'साईट चालत नाही' असं नाही, तर 'योजनेच्या नियमात मी आहे, तुमच्या फॉर्ममध्ये मी नाही.'

विधवा महिलांनी हेच सांगितलं, म्हणून ई-केवायसीत बदल झाला. पुढचा फॉर्म बनवताना ही विचारपूस आधीच झाली, तर त्यांना ते पुन्हा सांगावं लागणार नाही.